किरायाचे घर आणि आगीची जबाबदारी

नागपूरच्या सक्करदऱ्यात, बुधवार बाजाराच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांपासून उमरेड रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या ले-आउटांपर्यंत, ज्याच्या एकाही खोलीत किरायदार राहत नाही असे घर शोधूनच काढावे लागेल; तळमजल्यावर घरमालकाचे कुटुंब, पहिल्या मजल्यावर एखाद्या कारकुनाचा वा परिचारिकेचा संसार, आणि गच्चीवर टिनाच्या छपराखाली मेडिकलमध्ये किंवा शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकणारे तीन-चार विद्यार्थी, अशी येथील निवासाची घडी कित्येक वर्षे बसून गेलेली आहे. या दोन पक्षांमध्ये जो करारनामा होतो तो बहुधा एकदोन कागदांत मावतो, आणि त्यात अनामत रक्कम, महिन्याचा किराया, तो देण्याची तारीख, विजेचे बिल, पाण्याची वेळ, पाहुण्यांची ये-जा आणि भिंतीत खिळा न ठोकण्याची अट एवढ्या बाबींचा तपशील कसोशीने नमूद केलेला असतो. परंतु ज्या भिंतीत खिळा ठोकावयाचा नाही त्या भिंतीवरचे प्लास्टिकचे पॅनेल पेटल्यास जबाबदार कोण, घरमालकाने दिलेला फोमचा सोफा कोणत्या प्रतीचा आहे, जिन्याखालच्या मीटरपेटीला टेकून ठेवलेल्या जुन्या गाद्या कोणी उचलावयाच्या, आणि रात्री चॅनेल गेटला कुलूप लावल्यावर त्याची किल्ली वरच्या मजल्यावर असते की नाही, याविषयी तो करारनामा अवाक्षर काढीत नाही. इमला मालकाचा आणि सामान किरायदाराचे, अशी एक ढोबळ वाटणी लोकांच्या मनात असते. परंतु मालकाच्या वायरीवर किरायदाराचा कुलर चालतो आणि किरायदाराच्या पडद्यावर मालकाचे थर्माकोलचे छत असते, त्यामुळे ही वाटणी पहिल्या ठिणगीपाशीच निकामी ठरते. ती आधीच, कागदावर आणि खोलीगणिक करून घेतली पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या विषयात लोकसमजुती पुष्कळ आणि वाचन थोडे असा प्रकार आहे. विदर्भात पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रणाचा हुकूम चालत असे. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. त्याच्या कलम १४ अन्वये, भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत दुरुस्त ठेवणे हे घरमालकावर बंधनकारक आहे. आणि किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने ती स्वतः करून घेऊन खर्च किरायातून वळता करावा, मात्र ती वजावट कोणत्याही एका वर्षात त्या वर्षाच्या किरायाच्या एकचतुर्थांशाहून अधिक होता कामा नये, अशी तजवीज आहे. कुजलेली वायर, वितळलेला स्विचबोर्ड, उघडी पडलेली मीटरपेटी ही सारी या कलमाच्या कक्षेत मागता येण्याजोगी दुरुस्ती होय. येथे ‘विरुद्ध करार केलेला नसल्यास’ या शब्दांकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण छापील मसुद्यात ‘सर्व किरकोळ व मोठी दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी’ असे एक वाक्य पुष्कळदा दडलेले असते आणि सही करताना ते कोणी वाचीत नाही. शिवाय ज्यांचा करार भाडेपट्ट्याचा नसून लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे केवळ अनुज्ञेचा आहे, त्यांना भाडेकरूचे हे संरक्षण गृहीत धरता येत नाही; त्यांचा सारा आधार करारातील शब्दांवरच असतो.

याहून जुना, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, विरुद्ध करार नसेल तेथे आजही भाडेपट्ट्याला लागू आहे, आणि त्याच्या कलम १०८ मध्ये आगीचा नावानिशी उल्लेख आहे. मिळकतीत एखादा महत्त्वाचा दोष मालकाला ठाऊक असेल, परंतु सर्वसाधारण काळजी घेऊनही भाडेकरूच्या तो ध्यानात येण्याजोगा नसेल, तर तो उघड करणे मालकाचे कर्तव्य आहे. फॉल्स सीलिंगच्या आत गुंडाळून दडपलेले वायरींचे उघडे जोड हे अशा दोषाचे उत्तम उदाहरण ठरावे. आग, वादळ किंवा पूर यांमुळे मिळकतीचा मोठा भाग नष्ट झाला वा ती कायमची निरुपयोगी झाली, तर पट्टा संपुष्टात आणण्याचा पर्याय भाडेकरूला आहे. परंतु ते नुकसान त्याच्याच गैरकृत्याने वा कसुरीने झालेले असेल तर हा लाभ त्याला मिळत नाही. म्हणजे आगीनंतरचा सारा वाद अखेर एका प्रश्नावर येऊन ठेपतो: कसूर कोणाची? त्याचे उत्तर जळालेल्या खोलीतून क्वचितच मिळते, आगीपूर्वी केलेल्या नोंदीतून मात्र मिळू शकते.

इमारतीपुरता विशेष कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्याने विकासक, मालक आणि भोगवटादार या सर्वांवर राष्ट्रीय इमारत संहितेनुसार आगीच्या उपाययोजना पाळण्याचे दायित्व ठेवले आहे, आणि ज्या इमारतीत अशी यंत्रणा आवश्यक आहे तेथे ती चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो. बहुमजली इमारतीत सदनिका किरायाने घेणाऱ्याने सोसायटीकडे हा शेवटचा दाखला मागून पाहावा. दाखवण्याची टाळाटाळ हेच पुष्कळदा उत्तर असते. परंतु सक्करदऱ्यातील दुमजली-तिमजली खासगी घरे या व्यवस्थेच्या व्यवहारतः बाहेरच राहतात, कारण राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर वा त्याहून अधिक उंचीच्या इमारतीला उंच इमारत मानते आणि यंत्रणेच्या कडक अटी तेथून सुरू होतात. एक गोष्ट मात्र घरमालकांनी ध्यानात ठेवावी. एका कुटुंबाच्या राहत्या घरात प्लायवुडच्या भिंती उभारून खोलीगणिक विद्यार्थी ठेवले की संहितेच्या दृष्टीने ते घर साधे निवासस्थान न राहता खोल्या भाड्याने देण्याच्या वास्तूंच्या निराळ्या वर्गात जाते, आणि त्या वर्गाच्या अपेक्षाही निराळ्या आहेत. किरायाचे उत्पन्न चौपट झाले पण जिना तोच एक राहिला, ही स्थिती कायद्याला मान्य नाही.

आता सामानाकडे वळू. येथे कायद्याची मोठी उणीव आहे, ती स्पष्टपणे सांगणे भाग आहे. इंग्लंडमध्ये ८ मे १९७९ रोजी मँचेस्टर येथील वूलवर्थ्सच्या दुकानात विक्रीसाठी रचून ठेवलेल्या फोमच्या फर्निचरला आग लागून १० माणसे मरण पावली. त्या व तशा दुर्घटनांच्या अनुभवातून १९८८ मध्ये फर्निचरच्या अग्निसुरक्षेची नियमावली तेथे आली, आणि पुढे ती सजवलेली घरे भाड्याने देणाऱ्या मालकांनाही लागू झाली. तेथील घरमालकाने दिलेला सोफा पेटत्या सिगारेटच्या आणि काडीच्या ज्योतीच्या कसोटीला उतरलेला असला पाहिजे, आणि तसे सांगणारी चिठ्ठी त्या वस्तूला कायम शिवलेली असली पाहिजे. १९५० पूर्वीच्या फर्निचरला तेवढी सूट आहे, कारण त्या काळच्या गाद्यागिर्द्यांत हा फोम नव्हताच. लंडन-मँचेस्टरकडे शिकावयास गेलेली नागपूरची मुले तेथे खोली घेतात तेव्हा ही चिठ्ठी त्यांना विनासायास दिसते. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने पडद्यांच्या ज्वलनरोधासाठी आय. एस. १५७४१ आणि गादीदार फर्निचरसाठी आय. एस. १५७६८ ही मानके केलेली आहेत. परंतु यातील दुसरे मानक आपल्या नावातच घरगुती नसलेल्या फर्निचरपुरते मर्यादित आहे, म्हणजे ते नाट्यगृहातील खुर्चीचा विचार करते, बैठकीच्या खोलीतील सोफ्याचा करीत नाही. किरायाच्या घरात मालकाने ठेवलेले सामान कसे असावे हे सांगणारा इंग्लंडसारखा नियम आपल्याकडे नसल्यामुळे तो नियम दोन्ही पक्षांनी करारनाम्यातच निर्माण केला पाहिजे.

त्यासाठी कोणती वस्तू कशी जळते याचे थोडे ज्ञान हवे. आपल्या आजीच्या घरात लाकडी पलंग, कापसाची गादी, सुती चादर आणि पितळी भांडी होती. आजच्या खोलीत पॉलियुरेथेन फोमचा सोफा, पॉलिएस्टरचे पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चिपबोर्डचे कपाट आहे. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने जुन्या धर्तीच्या आणि नव्या धर्तीच्या सामानाने भरलेल्या दोन सारख्या खोल्या पेटवून पाहिल्या, तेव्हा नव्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत सबंध भडकली, आणि जुन्या सामानाच्या खोलीला त्याच अवस्थेस पोहोचावयास पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ लागला. बंब कितीही तत्पर असला तरी चार मिनिटांच्या आत कोणाच्या दारी उभा राहत नाही. फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू असतो, त्यामुळे ज्वाला अंगापर्यंत येण्याच्या पुष्कळ आधी माणूस शुद्ध हरपतो. सोफा विकणारा ‘हाय डेन्सिटी’ फोमची ग्वाही देतो तेव्हा तो केवळ टिकाऊपणाविषयी बोलत असतो. घनतेचा आणि ज्वलनरोधाचा एकमेकांशी संबंध नाही. ज्वलनरोधक फोम निराळा मिळतो, तो मागून घ्यावा लागतो, आणि बिलावर तसे लिहून घ्यावे लागते.

कापसाची गादी निर्दोष आहे असा याचा अर्थ कोणी करू नये. विदर्भ हा कापसाचा मुलूख. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली गादी येथे अजूनही घरोघर दिसते. ती भडकत नाही, परंतु धुमसते, आणि बिडीची वा उदबत्तीची एक ठिणगी तिच्या पोटात तासन्‌तास जिवंत राहू शकते. वरून दोन बादल्या पाणी ओतून निर्धास्त झोपणाऱ्यांना ही गादी मध्यरात्री पुन्हा उठवते. अशी गादी पेटली तर पाणी मारून ती ताबडतोब घराबाहेर मोकळ्या जागी न्यावी आणि खोळ फाडून आतील कापूस पसरून भिजवावा, यावाचून दुसरा उपाय नाही.

भिंती आणि छत यांचा विचार खरे म्हणजे आधी व्हावयास हवा, कारण सोफा बदलता येतो, छत बदलणे किरायदाराच्या हाती नसते. विटांची जाड भिंत आणि सिमेंटचा स्लॅब ही आगीपुढे पुष्कळ वेळ तग धरणारी सामग्री होय. त्यांवर शोभेसाठी जे चिकटवले जाते तेथून संकट सुरू होते. राष्ट्रीय इमारत संहितेने आतील पृष्ठभागांचे, त्यांवर ज्वाला किती वेगाने पसरते यावरून, चार वर्ग केलेले आहेत; वास्तविक प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर हा वर्ग छापलेला असावयास हवा, परंतु बाजारात रंग आणि नक्षी यांपलीकडे कोणी विचारीत नाही. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि पेटल्यावर त्याचे जळते थेंब खाली बिछान्यावर पडतात. टिनाच्या छपराखाली उष्णता अडवण्यासाठी ते लावण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे ती आमच्या मते अत्यंत घातक असून ती तत्काळ बंद केली पाहिजे. पी. व्ही. सी.च्या पट्ट्या स्वतःहून फारशा जळत राहत नाहीत, परंतु तापल्या म्हणजे डोळे व घसा जाळणारा आम्ल धूर सोडतात. त्यांच्या तुलनेत पीओपी आणि जिप्समचे बोर्ड कितीतरी भरवशाचे, कारण जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा रासायनिक रीतीने बांधलेले पाणीच असते आणि आगीत प्रथम ते वाफ होऊन निघून जावे लागते. टिनाच्या खोलीत छत लावावयाचेच असेल तर जिप्समचे किंवा कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड लावावे, आणि वरून टिनाला किंवा स्लॅबला चुन्याचा पांढरा हात द्यावा. त्याने उन्हाळाही सुसह्य होतो. प्लायवुडच्या बाबतीत तर सुतार आणि गिऱ्हाईक दोघेही एकाच भ्रमात असतात: आय. एस. ३०३ किंवा ७१० हा छाप प्लायवुड पाण्याला किती टिकते ते सांगतो, आगीला नव्हे. ज्वलनरोधक प्लायवुडचे मानक आय. एस. ५५०९ आहे. पडद्यांवर किंवा लाकडावर नुसता फवारलेला ज्वलनरोधक लेप धुण्याने निघून जातो, हेही ध्यानी असावे.

भाडे नियंत्रण अधिनियमातील एक गमतीची बाब येथेच सांगून टाकतो. मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमस्वरूपी बांधकाम करणे हे भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे कारण कलम १६ मध्ये दिलेले आहे. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी विभाजक, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र, धूर काढणारी चिमणी इत्यादी कामे, जेथे आवश्यक तेथे नगरपालिकेच्या परवानगीने केलेली असल्यास, कायमस्वरूपी बांधकामात मोडत नाहीत असे म्हटले आहे. म्हणजे खोलीत जळाऊ सामग्री वाढवणारी जी दोन प्रमुख कामे, विभाजक आणि छत, ती भाडेकरूला तुलनेने मोकळी ठेवलेली आहेत. मालकाला यावर अंकुश हवा असेल तर सामग्री कोणती वापरावयाची हे त्याने करारातच नमूद करून घ्यावे.

नागपुरात आगीचा ऋतू कोणता असे विचारल्यास आम्ही दिवाळीचे नाव घेणार नाही, एप्रिल-मेचे घेऊ. पारा ४५ अंशांच्या घरात गेला म्हणजे घराघरांत कुलर दिवसरात्र चालतात, त्यांच्या जोडीला आता वातानुकूलन यंत्रे आली आहेत, आणि हा सारा भार ज्या वायरीवर पडतो ती पुष्कळदा दोन दिवे आणि एक पंखा एवढ्याच हिशेबाने कधी काळी घातलेली असते. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची, पॉवर पॉइंटसाठी २.५ ची आणि दीड टनाच्या वातानुकूलन यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, हा वायरमन लोकांचा सर्वमान्य हिशेब आहे. एम. सी. बी. वारंवार पडते म्हणून तिच्या जागी मोठ्या क्षमतेची बसवून घेणे, किंवा जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये जाड तार ओवणे, हा रोग तसाच ठेवून वैद्याला हाकलून देण्याचा प्रकार आहे, एम. सी. बी. पडते ती वायर वाचवण्यासाठी, आणि १.५ च्या वायरीवर ३२ अँपिअरची एम. सी. बी. बसवली म्हणजे आधी वायर जळते. गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आर. सी. सी. बी. मुख्य पेटीत असावे. पाणी आणि वीज ज्या यंत्रात शेजारी नांदतात त्या कुलरच्या घरात तर ते अपरिहार्य मानावे. कुलरची टाकी कोरडी पडू देऊ नये, कारण पाण्यावाचून पंप तापतो. हंगाम संपल्यावर वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्या काढून टाकाव्यात, आणि कुलरसह जिन्याखाली ढकलून ठेवू नयेत. अशी वाळलेली ताटी काडीसरशी पेटते. नवी वायर घेताना आय. एस. ६९४ चा छाप पाहावा, आणि शक्य तर कमी धूर सोडणारी एफ. आर. एल. एस. एच. जातीची घ्यावी.

जिन्याखालची जागा हा या सर्व घरांचा दुबळा बिंदू होय. मीटरपेट्या तेथेच, इन्व्हर्टरची बॅटरी तेथेच, आता विजेवर चालणारी दुचाकी चार्जिंगला लावण्याची सोय तेथेच, आणि मालकाच्या मोडक्या खाटा, रद्दी व रिकामी पोतीही तेथेच. वर राहणाऱ्यांना उतरण्याचा मार्ग हा एकच. तो पेटला म्हणजे वरचा मजला सापळा होतो. सुरत येथे २४ मे २०१९ रोजी तक्षशिला संकुलातील शिकवणीवर्गात उतरण्याचा मार्ग आगीने बंद झाल्यावर मुलांनी वरून उड्या टाकल्या, आणि त्या दुर्घटनेत २२ जणांचा अंत झाला. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी गच्चीवरील तात्पुरत्या आच्छादनाने पेट घेतला आणि १४ माणसे गेली. आणि पुण्यात कोंढवा येथे ३० डिसेंबर २०१६ रोजी पहाटे एका बेकरीत झोपलेले ६ कामगार मेले ते शटरला बाहेरून कुलूप होते म्हणून. ही शेवटची घटना आमच्या चॅनेल गेटांच्या संदर्भात प्रत्येक घरमालकाने आठवावी. चोरांच्या भीतीने रात्री दहाला गेटला कुलूप लावून किल्ली उशाशी घेणारा मालक दुष्ट नसतो, परंतु वरच्या मजल्यावरील माणसांचा जीव त्याच्या झोपेवर सोपवलेला असतो. बाहेर जाण्याचा दरवाजा आतील माणसाला किल्लीवाचून उघडता आला पाहिजे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. तेव्हा आतून हाताने फिरवता येणारी कडी असलेले कुलूप बसवावे, निदान एक किल्ली प्रत्येक किरायदाराकडे असावी. खिडक्यांच्या आणि सज्जाच्या लोखंडी जाळ्यांत उघडता येणारे एक झडप ठेवून घ्यावे, गच्चीचे दार मोकळे ठेवावे, आणि आग लागलेल्या खोलीतून निघताना तिचे दार मागे ओढून घ्यावे; बंद दारामागे आग मंदावते आणि जिना काही काळ धुरापासून वाचतो.

गॅसविषयी थोडक्यात: आय. एस. ९५७३ ची सुरक्षा नळी वापरावी आणि पाच वर्षांनी बदलावी, गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून दिसणारा, गल्लीतल्या दुकानात भरून मिळणारा बेकायदेशीर छोटा सिलिंडर मालकाने घरात येऊच देऊ नये. देवघर प्लायवुडच्या कपाटात बसवण्याची नवी रीत पडली आहे. वरच्या फळीखाली निरांजन तेवत ठेवून कामाला निघून जाणे श्रद्धेचे लक्षण नव्हे.

आता करारनामा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ अन्वये अनुज्ञेचा वा भाडेपट्ट्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तेव्हा नोंदणीत अधिक हित मालकाचेच आहे. या कराराला एक परिशिष्ट जोडावे, आणि त्यात मालकाने दिलेली प्रत्येक वस्तू, तिची सामग्री आणि खरेदीचे वर्ष यांची यादी द्यावी. छत व भिंतींवरील आच्छादन कशाचे आहे ते लिहावे. ताबा देण्यापूर्वी परवानाधारक वीज कंत्राटदाराने वायरिंग तपासल्याचा दिनांकित दाखला जोडावा, आणि प्रत्येक खोलीत कमाल किती भार चालवावयाचा, वातानुकूलन यंत्र लावता येईल की नाही, हे नमूद करावे. जिना, मीटरपेटी आणि गच्चीचे दार मोकळे ठेवण्याची जबाबदारी मालकाची, खोलीत शेगडी, हीटर व एक्स्टेन्शन बोर्ड यांचा जपून वापर करण्याची किरायदाराची, आणि किरायदाराने कळवलेला विजेचा दोष मालकाने किती दिवसांत दूर करावयाचा याची मुदत, अशी तीन वाक्ये पुरेशी आहेत. दोन्ही पक्षांनी खोल्यांची छायाचित्रे काढून त्यांवर तारीख घालावी. कसुरीचा प्रश्न पुढे निघालाच तर हीच नोंद बोलेल. तोंडी ‘मी सांगितले होते’ याला न्यायालयात फार किंमत नसते.

विमा बहुतेकांना घरमालकाचा विषय वाटतो, तो तेवढाच नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना देणे बंधनकारक झालेली भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी मालकाला इमारतीसाठी आणि किरायदाराला केवळ आपल्या घरातील सामानासाठीही घेता येते. आगीनंतर अग्निशमन विभागाचा दाखला आणि पोलिसांचा पंचनामा मिळवल्यावाचून दावा पुढे सरकत नाही, म्हणून राख साफ करण्याची घाई करू नये.

देशभरातील अग्निशमन अधिकारी ज्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात घडतात ते १९५७ पासून याच शहरात आहे, आणि महानगरपालिकेचे एक अग्निशमन केंद्र खुद्द सक्करदऱ्यात आहे. तरीही आमच्या घरांत एक साधे अग्निशामक सापडत नाही, हे आश्चर्यच म्हणावयाचे. आय. एस. १५६८३ चा छाप असलेले चार किलोचे ए. बी. सी. पावडरचे अग्निशामक प्रत्येक मजल्यावर दाराजवळ, स्वयंपाकघराच्या आत नव्हे, टांगावे आणि त्याचा काटा हिरव्या भागात आहे की नाही ते महिन्यातून एकदा पाहावे. त्याचा उपयोग कागदाच्या टोपलीएवढ्या आगीपुरता. सोफा पेटला असेल तर ते खाली टाकून माणसे बाहेर काढावीत आणि १०१ किंवा ११२ ला फोन करून पत्ता सांगताना जवळच्या चौकाचे नाव आधी घ्यावे. गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या मोटारी बंबाला आत येऊ देत नाहीत, हेही आपल्याच हातचे आहे.

जूनमध्ये महाविद्यालये उघडली की खोल्यांची शोधाशोध सुरू होते आणि मालकाला गिऱ्हाईक, विद्यार्थ्याला निवारा मिळवण्याची घाई असते. त्या घाईतही खोली घेणाऱ्याने प्रथम छताकडे, मग जिन्याखाली, मग चॅनेल गेटच्या कुलपाकडे पाहावे, आणि सामानाची व वायरिंगची यादी लेखी मागावी. ती देण्यास जो मालक नकार देईल त्याची खोली, किराया कितीही कमी असला तरी, घेऊ नये.